सत्तेचं बोलकं दप्तर

२५ जुलै १९४७ची रात्र. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये नामांकित इतिहासकार घड्याळाकडे डोळे लावून बसलेत. त्यांत कार्ल सँडबर्गही आहे. लिंकनच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या वर्षांवर त्यानं चार जाडजूड खंड लिहिलेत, त्यांना पुलित्झर पारितोषिकही मिळालंय. पण या ग्रंथालयात बंद असलेली लिंकनची स्वतःची कागदपत्रं त्याला आजवर बघायला मिळालेली नाहीत. बारा वाजून एक मिनिट होतं, कुलूप निघतं आणि सुमारे अठरा हजार कागद अभ्यासकांसाठी खुले होतात. लिंकनचा खून होऊन तोवर ब्याऐंशी वर्षं लोटली होती.

इतकी वर्षं ते कुणी अडवून धरले होते? सरकारनं म्हणाल, तर चुकलात. लिंकनच्या मुलानं! रॉबर्ट लिंकननं ते देशाला दिले खरे, पण आपल्या मृत्यूनंतर एकवीस वर्षं कुणी त्यांना हात लावायचा नाही, या अटीवर. तो गेला २६ जुलै १९२६ला. कायद्यानं त्यात काहीही गैर नव्हतं. अमेरिकेत जवळजवळ दोनशे वर्षं रीतच अशी होती, की राष्ट्राध्यक्षाची कागदपत्रं ही त्याची खासगी मालमत्ता. पद सोडलं की घरच्या सामानाबरोबर दप्तरही बांधून न्यायचं. पुढे ते माळ्यावर टाका, विका, नाहीतर चुलीत घाला, विचारणारं कुणी नाही. राष्ट्राध्यक्ष चेस्टर आर्थरनं १८८६ मध्ये मरणाच्या तोंडावर आपली जवळजवळ सगळी कागदपत्रं जाळायला लावली. एका देशाचा साडेतीन वर्षांचा कारभार, आणि त्याची राख!

मग राष्ट्राध्यक्षांच्या सत्तेवरची, महत्त्वाकांक्षेवरची आणि लपवाछपवीवरची एकेक हजार पानांची पुस्तकं अमेरिकेत येतात कुठून? बंद दाराआड कोण काय बोललं, कुणाला किती पैसे पोचले, हे लेखकाला कसं कळतं? काही गोष्टी फुटतात, काही अधिकारी निवृत्तीनंतर तोंड उघडतात, हे आलंच. पण सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत स्फोटक साठा करून ठेवला तो खुद्द राष्ट्राध्यक्षांनी!

आपल्या काळापासून त्यांनी जे लपवलं, तेच पुढच्या काळासाठी जपलं. असं का करावं कुणी? त्या खुर्चीपर्यंत पोचणाऱ्या माणसाची भूक निवडणूक जिंकून भागत नसते. आपल्यामागे शंभर वर्षांनीही आपलं नाव निघावं आणि ते आपल्याला हवं तसं निघावं, असं त्याला वाटत असतं. त्यासाठी पुरावा लागतो. आणि पुरावा एकदा साठवला, की तो कुणाच्या बाजूनं बोलेल हे साठवणाऱ्याच्या हातात राहत नाही.

१९४० साली फ्रँकलिन रूझवेल्टच्या टेबलावरच्या दिव्यात मायक्रोफोन लपवला होता आणि खाली तळघरात फिल्मवर आवाज कोरणारं यंत्र बसवलं होतं. वार्ताहर आपल्या तोंडी भलतंच घालतात, अशी त्याची तक्रार होती. काही महिन्यांत त्याचा त्यातला रस संपला. ते आवाज इतिहासकाराच्या कानावर पडायला १९७८ साल उजाडलं.

केनेडीनं १९६२च्या उन्हाळ्यात ओव्हल ऑफिसमध्ये आणि कॅबिनेट रूममध्ये अशीच यंत्रणा बसवून घेतली. बटण त्याच्या हाताशी, टेप तळघरात. ऑक्टोबरमध्ये क्यूबात सोव्हिएत क्षेपणास्त्रं सापडली, जग अणुयुद्धाच्या काठावर उभं राहिलं आणि त्या खोलीतली वादावादी टेपवर उतरत गेली. भोवती बसलेल्या बहुतेक मंत्र्यांना आणि सेनाधिकाऱ्यांना आपण मुद्रित होतोय याचा पत्ताही नव्हता. त्या तेरा दिवसांवर धाकट्या भावानं, रॉबर्ट केनेडीनं, पुस्तक लिहिलं. त्याच्या खुनानंतर, १९६९ मध्ये, ते प्रसिद्ध झालं. त्यात तो स्वतः संयमाचा पुरस्कर्ता दिसतो आणि कित्येक वर्षं जगानं ते तसंच मानलं. मग टेप खुल्या झाल्या. पहिल्याच दिवशीच्या बैठकीत हाच रॉबर्ट क्यूबावर चालून जायला काही निमित्त काढता येईल का, असं विचारताना ऐकू येतो! पुस्तकातला माणूस खोटा होता असं मी म्हणणार नाही. तेरा दिवसांत माणूस बदलू शकतो, आणि बदललेल्या माणसाला आपण पहिल्यापासून असेच होतो असं वाटू शकतं. पण टेपला तसं काही वाटत नाही.

आता निक्सन. १९६९ मध्ये व्हाइट हाउसमध्ये आल्यावर त्यानं आधीच्या राष्ट्राध्यक्षाची, जॉन्सनची, ध्वनिमुद्रणाची यंत्रणा उपटून टाकली. दोनच वर्षांनी, फेब्रुवारी १९७१ मध्ये, स्वतःची बसवून घेतली. आपल्या निर्णयांची बिनचूक नोंद राहावी, उद्या कुणी सहकाऱ्यानं वेगळंच काही सांगितलं तर हाताशी उत्तर असावं आणि पुढे आत्मचरित्रासाठी साहित्य मिळावं, असा विचार.

त्या यंत्रणेची रचना बघण्यासारखी आहे. निक्सनला यंत्रांचं वावडं. बटण दाबायचं त्याच्या कधीच लक्षात राहणार नाही, अशी त्याच्या कर्मचारी-प्रमुखाची, हॉल्डमनची, खात्री होती. म्हणून ओव्हल ऑफिसमध्ये बटणच ठेवलं नाही. पाच मायक्रोफोन टेबलात, दोन शेकोटीजवळच्या भिंतीवरच्या दिव्यांत. राष्ट्राध्यक्ष या घडीला कुठल्या खोलीत आहे हे दाखवणारी सीक्रेट सर्व्हिसची एक व्यवस्था होती, तिला हे सगळं जोडलेलं. तो खोलीत आला की यंत्र जागं व्हायचं, आवाज झाला की टेप फिरू लागायची. टेप वाचावी म्हणून वेग इतका कमी ठेवलेला, की आवाज गढूळ उमटायचे आणि मधेच कपबशांचा खणखणाट.

या रचनेतून काय झालं बघा. केनेडीच्या हातात बटण होतं, म्हणजे काय ठेवायचं ते तो निवडू शकत होता. निक्सनकडे ती सोयच उरली नाही. पहिले काही दिवस सोडले तर टेप फिरतेय याचं त्याला भानही राहत नसावं, असं ते संवाद ऐकताना वाटतं. सुमारे ३,७०० तासांचं बोलणं साठलं. त्यात मुत्सद्देगिरी आहे, शिवीगाळ आहे, एकटेपणा आहे, सूड आहे. माणसाच्या इतिहासात कुठल्या सत्ताधीशाचा इतका उघडा आवाज मागे राहिलाय?

हे माहीत होतं मोजक्या माणसांना. हेन्री किसिंजरसारख्या उजव्या हातालाही नाही. १७ जून १९७२ला डेमोक्रॅटिक पक्षाच्या वॉटरगेटमधल्या कचेरीत पाच माणसं चोरून शिरताना पकडली गेली. धागेदोरे व्हाइट हाउसकडे जाऊ लागले, सिनेटची चौकशी बसली. १३ जुलै १९७३ला, शुक्रवारी, बंद खोलीत बटरफील्ड नावाच्या माजी अधिकाऱ्याला एकानं विचारलं, की ओव्हल ऑफिसमधली बोलणी मुद्रित होत असतील का. थेट प्रश्न आला तर खोटं बोलायचं नाही, असं त्यानं ठरवलेलं. त्यानं सांगून टाकलं. सोमवारी तेच टीव्हीसमोर, सगळ्या देशाला.

मग निक्सननं त्या टेप जाळल्या का नाहीत? हा प्रश्न त्याला आयुष्यभर पुरला. बातमी फुटली तेव्हा तो न्यूमोनियानं रुग्णालयात होता. जाळा म्हणणारे सल्लागार होते, तसे नको म्हणणारेही. एकदा न्यायालयाची मागणी आली की जाळणं हा गुन्हा ठरणार होता, म्हणजे हाताशी दिवस थोडेच. पण मला खरं कारण आणखी खोल वाटतं. त्या टेप म्हणजे त्याचं इतिहासातलं स्थान होतं. आपण मोठे होतो, याचा पुरावा माणूस आपल्याच हातानं कसा जाळेल?

२४ जुलै १९७४ला सर्वोच्च न्यायालयानं आठ विरुद्ध शून्य मतांनी टेप द्यायला लावल्या. त्या आठांतले तीन न्यायाधीश निक्सननंच नेमलेले. त्यांत २३ जून १९७२चं संभाषण निघालं. चोरी पकडल्यावर सहा दिवसांनी राष्ट्राध्यक्ष सांगतोय, की सीआयएकरवी एफबीआयला तपास थांबवायला लावा. ५ ऑगस्टला ते जाहीर झालं. ९ ऑगस्टला निक्सननं पद सोडलं.

एक टेप मात्र अजून गप्प आहे. २० जून १९७२, चोरीनंतर तीनच दिवस, निक्सन आणि हॉल्डमन यांचं बोलणं, आणि त्यात साडेअठरा मिनिटं नुसती घरघर. फोन घेताना चुकून पुसलं गेलं असेल, असं सेक्रेटरीनं सांगितलं, तेही पाचेक मिनिटांपुरतंच. टेप एकदा नव्हे, किमान पाच वेळा पुसली गेलीय, असं तज्ज्ञांनी काढलं. २००३ पर्यंत राष्ट्रीय अभिलेखागारानं आधुनिक उपकरणांनी त्यातले शब्द परत मिळवायचा प्रयत्न केला. जमलं नाही. तरी ती टेप जपून ठेवलीय. कधीतरी एखादं तंत्र निघेल आणि ती घरघर बोलू लागेल, या आशेवर. पुसून टाकलेल्या आवाजाची इतकी निगा राखणारी माणसं जगात आहेत, हे मला फार सुंदर वाटतं.

या प्रकरणातून कायदा निघाला. निक्सनच्या टेप त्याच्या ताब्यात जाऊन नष्ट होण्याची वेळ आली, तेव्हा अमेरिकी संसदेनं १९७४ मध्ये त्या सरकारजमा केल्या. १९७८ मध्ये ठरलं, की यापुढे राष्ट्राध्यक्षाचं कामकाजाचं दप्तर देशाच्या मालकीचं. रॉबर्ट लिंकनची अट आज कुणाला घालता येणार नाही.

पण तुम्ही म्हणाल, या टेपांचा आपल्याशी काय संबंध? फार जवळचा आहे.

जुलै १९७१. किसिंजर दिल्लीत येऊन इंदिरा गांधींना भेटून जातो. तिथून पाकिस्तान. तिथं बातमी पसरते, की पाहुण्याचं पोट बिघडलंय, विश्रांतीसाठी त्याला नथियागलीच्या थंड हवेत नेलंय. मोटारींचा ताफाही तिकडे रवाना होतो. प्रत्यक्षात ९ जुलैच्या पहाटे तो पाकिस्तानी विमान कंपनीच्या विमानात बसून बीजिंगला निघालेला असतो! वीसेक वर्षं ज्या चीनशी बोलणं नव्हतं, त्याचं दार असं किलकिलं झालं, आणि मध्यस्थ होता पाकिस्तानचा लष्करशहा याह्या खान.

याच याह्या खानचं लष्कर मार्चपासून पूर्व पाकिस्तानात कत्तल करत होतं. वर्षअखेरपर्यंत कोटीच्या घरात निर्वासित भारतात आले. ढाक्यातला अमेरिकी कॉन्सुल जनरल आर्चर ब्लड डोळ्यांनी बघत होता आणि वॉशिंग्टनला तारांवर तारा करत होता. ६ एप्रिलला त्याच्या कचेरीतून एक तार गेली. वीस अमेरिकी अधिकाऱ्यांनी सही करून आपल्याच सरकारला सांगितलं होतं, की तुमचं हे गप्प बसणं नैतिकदृष्ट्या दिवाळखोर आहे. सरकारी नोकरीत राहून असं लिहायला काय छाती लागते! ब्लडला ढाक्यातून हलवण्यात आलं.

२०१३ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाचे प्राध्यापक गॅरी बास यांनी 'द ब्लड टेलिग्राम' या पुस्तकात ही तार आणि निक्सनच्या टेप शेजारीशेजारी ठेवल्या. एका बाजूला ढाक्यातलं रक्त, दुसऱ्या बाजूला वॉशिंग्टनच्या उबदार खोलीतलं बोलणं. ४ नोव्हेंबर १९७१ला इंदिरा गांधी निक्सनला भेटल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं आणि किसिंजरनं त्यांच्याविषयी काढलेले गलिच्छ उद्गार टेपवर आहेत. डिसेंबरात युद्ध पेटल्यावर इराण-जॉर्डनमार्फत पाकिस्तानला अमेरिकी विमानं पोचवायची चर्चाही आहे. हे बेकायदा आहे, असं अधिकारी बजावत असताना! खिडक्यांना काळे कागद लावून मुंबईकर ब्लॅकआउटमध्ये बसले होते, सातवं आरमार बंगालच्या उपसागराकडे निघाल्याच्या बातम्या रेडिओवर ऐकत होते, तेव्हा त्या आरमाराला हुकूम देणारे आपसांत काय बोलत होते, ते आज आपल्याला ऐकता येतं.

पुरावा नसला तर काय होतं, त्याचंही एक उदाहरण आपल्याच घरातलं आहे. १९८३ मध्ये पत्रकार सेमूर हर्श याचं 'द प्राइस ऑफ पॉवर' आलं. किसिंजरच्या सत्ताकाळाची झाडाझडती घेणाऱ्या त्या पुस्तकात लिहिलं होतं, की मोरारजी देसाई हे सीआयएचे पैसे घेणारे खबरे होते. आपल्या मुंबई राज्याचे एके काळचे मुख्यमंत्री, पुढे देशाचे पंतप्रधान! सत्त्याऐंशी वर्षांच्या मोरारजींनी अमेरिकेत अब्रुनुकसानीचा खटला भरला, पाच कोटी डॉलर मागितले. १९८९ मध्ये शिकागोत सुनावणी झाली. मोरारजींना वयामुळे जाता आलं नाही. किसिंजर मात्र साक्षीला आला आणि आपल्याला असं काही माहीत नसल्याचं त्यानं सांगितलं. हर्शनं आपले खबर देणारे उघड केले नाहीत. निकाल हर्शच्या बाजूनं लागला. का? अमेरिकेत सार्वजनिक व्यक्तीला नुसता आरोप खोटा ठरवून भागत नाही. लेखकानं तो खोटा आहे हे जाणून, किंवा खऱ्याखोट्याची पर्वा न करता लिहिला, हेही सिद्ध करावं लागतं. म्हणजे आरोप खरा आहे, असं ज्यूरी म्हणालीच नाही. मोरारजींवरचा डाग मात्र राहिला. राष्ट्राध्यक्षाची खोली उघडी करणारं स्वातंत्र्य हेच आहे, हे मला पटतं. तरीही निनावी माणसाच्या शब्दावर एवढा आरोप एखाद्याच्या नावाला चिकटावा, याचा मला त्रास होतो. बास यांच्या पुस्तकावर शंका आली तर टेप लावून बघता येते. इथं काय लावणार?

कागद न सोडणारी सत्ता कशी पकडायची, हे ज्यानं दाखवलं तो चरित्रकार रॉबर्ट कॅरो. निक्सनच्या आधीचा राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन, या एका माणसावर तो १९७०च्या दशकापासून लिहितोय. चार खंड झाले: १९८२, १९९०, २००२ आणि २०१२. ठरलं होतं तिनांचं.

टेक्सासमधल्या ऑस्टिनला जॉन्सनचं ग्रंथालय आहे. दालनात शिरलं की काचेमागे चार मजले उंच रचलेली लाल खोकी दिसतात, प्रत्येकावर सोनेरी राजमुद्रा. साडेचार कोटी पानं! कॅरो तरुणपणी लाँग आयलंडच्या एका वर्तमानपत्रात बातमीदार होता, तेव्हा जुन्या संपादकानं त्याला बजावलं होतं, की काही गृहीत धरू नकोस, एकेक पान उलट. साडेचार कोटी तर कुणालाच उलटता येणार नाहीत. पण जॉन्सन प्रतिनिधीगृहात नवखा होता त्या वर्षांची खोकी तरी पान न् पान वाचायची, असं त्यानं ठरवलं.

वाचता वाचता त्याला एक विचित्र गोष्ट दिसली. ऑक्टोबर १९४० पर्यंतच्या पत्रांत बत्तीस वर्षांचा जॉन्सन ज्येष्ठांकडे भेटीची वेळ मागतोय. नोव्हेंबरनंतर ज्येष्ठच त्याच्याकडे वेळ मागताहेत! पद तेच, माणूस तोच. मधल्या महिन्याभरात झालं काय? रूझवेल्टच्या गोटातला जुना खेळाडू टॉमी कॉरकोरन याला कॅरोनं विचारलं. तो म्हणाला, पैसा. आणि वर म्हणाला, तुला ते लिहिता यायचं नाही, कारण त्यातलं काहीच कुणी कागदावर ठेवलेलं नाही.

कॅरो पानं उलटत राहिला. आणि एका फायलीतून एक तार निघाली. तारीख ऑक्टोबर १९४०, पाठवणारा जॉर्ज ब्राउन, 'ब्राउन अँड रूट' या टेक्सासच्या ठेकेदार कंपनीचा. जॉन्सनच्या खटपटीनं या कंपनीला धरणाचं काम मिळालं होतं. चेक शुक्रवारपर्यंत मिळायला हवे होते, मिळाले ना, एवढीच विचारणा. आता ते चेक शोधायचे! जॉन्सनच्या उत्तराची प्रतही निघाली. पैसे पाठवणारी सहा माणसं, प्रत्येकी पाच हजार डॉलर. पाचच का? एका माणसानं द्यायच्या देणगीची कायदेशीर मर्यादाच तेवढी होती. म्हणून एकाच्या ऐवजी सहा जण.

पुढचा कागद तर विलक्षण. प्रतिनिधीगृहाची निवडणूक लढवणाऱ्या उमेदवारांची टाइप केलेली यादी: नाव आणि किती रक्कम हवी. डावीकडच्या समासात जॉन्सनच्या हातची अक्षरं. कुणापुढे 'ओके' आणि आकडा, कुणापुढे नुसतं 'नाही'. रकमा पाचशे-हजार डॉलरच्या. पण तेव्हाच्या मतदारसंघात तेवढ्यावर जाहिराती निघायच्या, निवडणूक फिरायची. कालव्याच्या पाटकऱ्याचं पाणीही नसतं आणि कालवाही नसतो, तरी कुणाच्या वावरात कधी पाणी सोडायचं हे त्याच्या हातात असतं. म्हणून मोठा बागायतदारही त्याला रामराम घालतो. जॉन्सन अमेरिकी संसदेचा पाटकरी झाला होता! ठेकेदारांचा पैसा आणि पैशाला आसुसलेले उमेदवार यांच्यामधली दारं त्यानं ताब्यात घेतली. सत्ता म्हणजे काय, हे समासातल्या त्या दोन शब्दांत दिसतं.

तरी माणूस सापडेना. जॉन्सनचं गाव टेक्सासच्या हिल कंट्रीत, आणि तिथली माणसं न्यूयॉर्कच्या पाहुण्याशी मोकळी बोलेनात. मग कॅरो आणि त्याची बायको इना चक्क तिथं राहायला गेले, तीन वर्षं. इना अंजिराचा मुरंबा करायला शिकली आणि बरण्या घेऊन एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांकडे जाऊ लागली. हळूहळू बायका बोलायला लागल्या. एकीनं आपला वाकलेला पाठीचा कणा दाखवला आणि विहिरीची बादली ओढून बघायला लावली. वीज येण्याआधी दिवसभर हेच करावं लागायचं, आणि तिथं वीज आणली जॉन्सननं. ज्याच्या पैशाच्या याद्या कॅरोनं उकरल्या, त्याच माणसामुळे तिथल्या पुढच्या बायकांच्या पाठी सरळ राहिल्या. कॅरोची पुस्तकं मला इतकी मोठी वाटतात ती यामुळे. दोन्ही गोष्टी तो तितक्याच जोरानं सांगतो.

जॉन्सनचा धाकटा भाऊ सॅम ह्यूस्टन लहानपणाचे रंगतदार किस्से ऐकवायचा. कॅरोचा विश्वास बसेना. जॉन्सन सिटीतलं त्यांचं जुनं घर आता स्मारक म्हणून जपलंय. पर्यटक गेल्यावर एका संध्याकाळी कॅरोनं त्याला तिथं नेलं, जेवणाच्या टेबलाशी त्याच्या लहानपणीच्या जागेवर बसवलं आणि स्वतः मागे, नजरेआड बसला. वडिलांची आणि लिंडनची भांडणं कशी व्हायची, सांग. म्हातारा अडखळत सुरू झाला आणि मग बापाच्या आणि भावाच्या आवाजात ओरडू लागला. तेव्हा कॅरो म्हणाला, आता ते जुने किस्से पुन्हा सांग, जरा तपशिलात. उत्तर आलं: सांगता येणार नाहीत. कारण ते घडलेच नव्हते.

आणि १९४८ची ती निवडणूक! सिनेटच्या उमेदवारीसाठी जवळजवळ दहा लाख मतं पडली आणि जॉन्सन जिंकला ८७ मतांनी. मतदान होऊन सहा दिवस झाल्यावर ॲलिस गावातल्या १३ नंबरच्या पेटीत दोनशे मतं वाढली. ७६५चे ९६५ झाले. सातचा नऊ करायला पेनाचा एक फटकारा पुरतो. यादीच्या शेवटची ती सगळी नावं एकाच शाईत, एकाच हस्ताक्षरात आणि वर्णक्रमानं! त्या केंद्राचा निवडणूक अधिकारी लुईस सालस याला कॅरोनं १९८० च्या दशकात ह्यूस्टनजवळ शोधून काढलं. तो तेव्हा चाकांवरच्या एका छोट्या घरात राहत होता. त्यानं ट्रंकेतून स्वतःच लिहिलेलं हस्तलिखित काढून दिलं. सगळा घोटाळा त्यात होता. इतिहासात आपलीही नोंद राहावी, ही भूक केवळ राष्ट्राध्यक्षांनाच असते असं थोडंच आहे?

जॉन्सननंही आपले फोन मुद्रित केले होते, सुमारे साडेसहाशे तास. आपल्या मृत्यूनंतर किमान पन्नास वर्षं ते उघडू नयेत, अशी सूचना त्यानं दिली होती. तो गेला जानेवारी १९७३ मध्ये, म्हणजे २०२३ पर्यंत थांबायला हवं होतं. पण इतकी वर्षं ती मुद्रणं टिकणार नाहीत, ही भीती होती, आणि राष्ट्राध्यक्ष केनेडीच्या खुनाची कागदपत्रं खुली करण्याचा कायदाही झाला होता. १९९३ पासून ती खुली होऊ लागली.

त्यांत २७ मे १९६४चं एक संभाषण आहे. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार मॅकजॉर्ज बंडीशी जॉन्सन व्हिएतनामबद्दल बोलतोय. आपण दुसऱ्या कोरियात अडकत चाललोय, हे त्याला दिसतंय. यासाठी लढण्यात अर्थ नाही आणि बाहेरही पडता येत नाही, असं तो स्वतःच सांगतोय. सकाळी आपल्या हाताखालच्या एका सार्जंटकडे बघत होतो, त्याला सहा पोरं आहेत, कशासाठी पाठवू मी त्याला तिकडे, असं विचारतोय. दहा महिन्यांनी, मार्च १९६५ मध्ये, अमेरिकी मरीन दा नांगच्या किनाऱ्यावर उतरले आणि त्या वर्षाच्या अखेरीस दीड लाखाहून जास्त सैनिक व्हिएतनाममध्ये होते. ज्याला सगळं दिसत होतं त्यानंच ते पाठवले कसे? कॅरो लिहितोय तो पाचवा खंड याच वर्षांवरचा आहे.